पाणसरड्याची उस्तवार

तुम्ही दोघांनी पाठवलेला फोटो मिळाला. तळ्याकाठच्या भिंतीवर ऊन खात बसलेला करडा सरडा, आणि खाली तुमचा प्रश्न: आजी, तुझा ड्रॅगन असाच होता का?

साधारण असाच. माझा हिरवा होता, तुमचा मातकट आहे. तुमच्या ब्रिस्बेनला हे प्राणी बागेत मोकळे हिंडतात आणि माणसं त्यांच्याकडे वळूनही बघत नाहीत, हे मी स्वतः पाहिलं आहे. हिंगोलीत मात्र असा प्राणी एकच होता. तो आमच्या मागच्या व्हरांड्यात, पूर्वी दूधदुभतं ठेवायचो त्या जाळीच्या कपाटात चार वर्षं राहिला.

तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं आहे म्हणे, की थोरलीच्या जन्माला आजी आली नाही, कारण घरी ड्रॅगन आजारी होता. ती हे हसत सांगत असणार. गोष्ट म्हणून चांगलीच आहे, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी तुमच्या आईला ठाऊक आहे, मामाला नाही, आणि आजोबांना कळली होती की नाही ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. हे मी तुम्हाला इंग्रजीतही लिहू शकले असते; एकतीस वर्षं इंग्रजीच शिकवलं. पण जे घडलं ते मराठीत घडलं, आणि आईनं तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं आहे, तर त्याचा उपयोग होऊ दे.

तुमचा मामा तेव्हा पुण्याला नोकरी करत होता. एका सकाळी तो न कळवता आला. रात्रभर बसमध्ये बसून वारंगा फाट्याला उतरला होता आणि तिथून जीपनं हिंगोली. हातात झाकणाची प्लास्टिकची बादली, झाकणाला भोकं. जीपमधल्या लोकांना त्यानं मासे आहेत म्हणून सांगितलं होतं.

"आई, घाबरू नकोस हं," म्हणत त्यानं झाकण उघडलं.

आत कोवळ्या केळीच्या पानासारखा हिरवागार सरडा होता. मानेवर काट्यांची झालर, शेपटीवर काळे पट्टे. शेपटी धरून वीतभर कमी दोन हात लांब. तो माझ्याकडे बघून हलला नाही. मीही हलले नाही.

"याला वॉटर ड्रॅगन म्हणतात. दुकानातून घेतलाय, रीतसर. कंपनी मला दोन वर्षं बाहेर पाठवतेय. मित्रांना विचारलं, सगळे नाही म्हणाले."

"आणि मी हो म्हणेन असं तुला कुणी सांगितलं?"

"तू कधी नाही म्हणतेस का?"

हे त्यानं कौतुकानं म्हटलं होतं. मला त्या वेळी ते कौतुकच वाटलं.

आजोबांनी पेपर खाली केला. "खातो काय?"

"किडे. नाकतोडे."

"आणि काम काय करतो?"

"काम काय करणार, बाबा? बसतो."

"म्हणजे जावई आहे म्हण की."

तेव्हापासून आमच्या घरात त्याला जावईबापू म्हणू लागले. तुमच्या बाबांना हे माहीत आहे, त्यांनी ते हसून सोडून दिलं आहे, तुम्ही पुन्हा काढू नका.

आता माझं तेव्हाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला निवृत्त होऊन नऊ महिने झाले होते. त्याआधी आठ वर्षं माझ्या सासूबाई अंथरुणावर होत्या. सकाळी त्यांचं सगळं करून शाळेत जायचं, मधल्या सुट्टीत रिक्षानं घरी येऊन त्यांना कुशीवर वळवायचं आणि पुन्हा शाळा. त्या गेल्या, मग आजोबांना साखर निघाली, त्यांच्या पथ्याचं वेगळं शिजवणं सुरू झालं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं असंच होतं. निवृत्त झाल्यावर मी एक जाड, रेघांची वही विकत आणली होती आणि तीत काहीही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. नुसती कोरी वही टेबलावर असावी, एवढीच हौस.

मामा गेला आणि त्या वहीत रकाने आखले गेले. वेळ, पाणी, खाणं, ऊन, शेरा.

सकाळी सहाला कपाटावरची चादर काढायची. मग पाण्याचा टब. हा प्राणी पाण्यात बसतो आणि घाणही पाण्यातच करतो, दुसरीकडे कुठे करतच नाही. म्हणजे टब रोज सकाळी रिकामा करून घासायचा, भरायचा, आणि पुष्कळदा संध्याकाळी पुन्हा. आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं. एकेक बादली जपून वापरणाऱ्या घरात एका सरड्याला रोज दोन बादल्या. घाण पाणी मी जास्वंदीला घालायची; जास्वंद मात्र त्या वर्षांत अशी फोफावली की शेजारच्या बायका फुलं मागायला येत.

टब झाला की खालचे कागद बदलायचे. इंग्रजी पेपर अंथरायची, कारण मराठी पेपर आजोबा संध्याकाळपर्यंत सोडत नसत. चारही कोपऱ्यांत कागद बरोबर बसला पाहिजे, घडी वर येता कामा नये. आठ वाजता नाकतोडे. साडेआठला कपाट अंगणात ओढून अर्धा तास ऊन. मग दिवसातून तीनदा अंगावर पाण्याचा फवारा, कारण त्याला दमट हवा लागते आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये ओठ फुटतात. उन्हाळ्यात कपाटाभोवती ओलं पोतं. हिवाळ्यात ऊब देणारा दिवा, पण वीज दिवसाचे दहा-बारा तास नसायची, तेव्हा सासूबाईंची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून टॉवेलात गुंडाळून द्यायची. ती पिशवी मी त्यांच्यानंतर माळ्यावर टाकली होती. पुन्हा खाली काढताना तिचा तो ओळखीचा वास आला आणि मी थोडा वेळ तशीच स्टुलावर उभी राहिले.

गल्लीत त्याला सगळे घोरपडीचं पिल्लू समजत. "मॅडम, फॉरेस्टवाले येतील बरं का," असं एक जण सांगून गेला, आणि दुसऱ्यानं, मोठं झाल्यावर सांधेदुखीसाठी तेल मिळेल का म्हणून विचारलं.

नाकतोडे आणायच्या त्या आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई. सेनगाव रस्त्याला त्यांचा तांडा होता, माझ्याच वयाच्या. घरची थोडी शेती होती, सोयाबीन आणि तूर. सकाळच्या जीपनं येताना एका काचेच्या बरणीत नाकतोडे घेऊन येत. फवारणी झालेल्या शेतातले कधी आणले नाहीत. ते त्यांना मी सांगायच्या आधीच कळत होतं. बरणी उघडून त्या सरड्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलत, मग मराठीत मला म्हणत, "राजा माणूस हाय. कोनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

दोन वर्षं अशी गेली. मामाची मुदत वाढली, मग आणखी वाढली. फोनवर तो पहिल्यांदा ड्रॅगनबद्दल विचारायचा. मी वहीतून वाचून दाखवायची.

मग तुमच्या आईचा फोन आला. दिवस गेले होते. चौथा महिना.

"आई, तू येशील ना? निदान सहा महिने?"

"येणार तर. विचारतेस काय?"

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लेक येऊ शकत नसेल तर माहेरानं उठून तिच्याकडे जायचं. त्यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात भेटेल तो विचारत होता, "कधी निघताय?" आजोबांनी नांदेडहून रेल्वेची आणि मुंबईहून विमानाची तिकिटं काढली. व्हिसा झाला. मी डिंक, खारीक, आळीव आणून लाडू वळून डबा भरला.

त्या पहिल्या फोननंतर मी रिसीव्हर ठेवला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. मला आनंद झाला होता, हे अगदी खरं आहे. आणि माझे पाय उचलत नव्हते, हेही खरं आहे. सहा महिने. बाळाचं न्हाणं, शेक-शेगडी, दुपट्टी, बाळंतिणीचं खाणं, परक्या देशातलं घर. मी एकेक काम मोजत होते आणि माझ्या डोक्यात ती वही पुन्हा आखली जात होती. असं वाटल्याची मला इतकी लाज वाटली की मी उठून लगेच स्वयंपाकाला लागले.

बाईंनी आपणहून सांगितलं होतं, "तुमी जा बिनघोर. ह्याचं मी बघते."

"तुम्हाला नाही जमायचं, बाई. सगळं वेळेवर असतं त्याचं."

"येळ मला बी कळते की, मॅडम. सूर्य मला बी दिसते."

मी तो विषय तिथेच सोडला. वेळापत्रक मात्र एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून व्हरांड्यात टांगलं.

निघायला तीन आठवडे असताना त्यानं खाणं सोडलं.

सोयाबीनची काढणी होती, म्हणून बाई सुट्टीवर होत्या. मीच अंगणातले दोन-चार किडे पकडून ठेवले. त्यानं बघितलंसुद्धा नाही. दिवसभर कोपरे उकरत होता. मी अंथरलेला कागद नखांनी फाडून त्याच्या चिंध्या करायचा, जाळीला नाक घासायचा. नाकावरची कातडी सोलवटली. मी कागद बदलला की तासाभरात पुन्हा चिंध्या. मी पुन्हा स्वच्छ करायची. दिवसातून चार-चार वेळा कपाट चकचकीत केलं. पोट मात्र फुगत चाललं होतं, आणि बाकी अंग वाळत होतं.

मामानं फोनवर सांगितलं, "काहीतरी अडकलं असेल, कोमट पाण्यात बसव." बसवलं. काही झालं नाही. मग टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर भले होते. त्यांनी टोपलीत डोकावून बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, मला बैल दाखवा, म्हैस दाखवा. हे मी पुस्तकातबी पाहिलेलं नाही." तरी त्यांनी म्हशीला देतात त्या कॅल्शियमच्या औषधाचे दोन थेंब रोज द्यायला सांगितले.

त्याच संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. डब्यात काय काय भरलंस, विमानात पाणी पीत राहा, असं चाललं होतं तिचं. मी मध्येच म्हणाले, "अगं, तो फार आजारी आहे."

"कोण? बाबा?"

"नाही गं. ड्रॅगन. काही खात नाही."

"बरं मग?"

"मग असं टाकून कसं निघायचं?"

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि माझ्याच कानांना ऐकू आलं. आणि सांगायलाच हवं, की ते ऐकून मला एकदम हलकं वाटलं. डोक्यावरची पाटी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं.

ती म्हणाली, "आई, ती पाल आहे."

"सरडा आहे," मी म्हटलं.

पोटात सात महिन्यांचं बाळ असलेली लेक समुद्रापलीकडून बोलत होती आणि मी तिचा शब्द दुरुस्त केला. एकतीस वर्षांची सवय. ती "ठीक आहे" म्हणाली. तिच्या सासूबाई येतील असं म्हणाली. फोन तिनंच ठेवला.

आजोबा सगळं ऐकत होते. "लोकांना काय सांगायचं?" त्यांनी विचारलं. "जावईबापूंची तब्येत नरम आहे म्हणून लेकीचं बाळंतपण तहकूब?"

"सांगा काहीही."

"मी कशाला सांगू? तूच सांग. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

दोन दिवसांनी काढणी आटोपून बाई परत आल्या. पिशवी न ठेवताच कपाटापाशी बसल्या. मी आठ दिवसांची वही वाचून दाखवली, तोवर त्या बघत राहिल्या. मग जाळीचं दार उघडून त्यांनी दोन बोटं त्याच्या पोटाखाली घातली, अलगद, आणि डोळे मिटून घेतले. तांड्यावरची कितीतरी लेकरं त्यांच्या हातावर जन्मली होती हे मला माहीत होतं, पण त्यांना त्या कामात मी कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, हा बाप्या न्हाई. बाई हाय ही. पोटात अंडे हायेत."

"काहीतरीच. दुसरा सरडा नाही, काही नाही, अंडी कुठून येतील?"

"कोंबडी देतेच ना कोंबड्याबिगर? चार बोटाला लागले मला. मोकळी व्हयाची हाय ती, पन तिला जागा कुठं हाय?"

"एवढं मोठं कपाट आहे की."

"कपाट हाय, माती कुठं हाय? उकरून राहिली ना ती आठ दिवस झाले? आन् तुमी काहून पेपर हातरून राहिल्या? ती खड्डा करते, तुमी झाडून घेता. ती पुन्ना करते, तुमी पुन्ना झाडता." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कपाटातून इंग्रजी पेपर ओढून काढत होत्या. "बाळंतिणीला कोनी कागदावर बसवते का?"

वहीत आठ दिवस मीच लिहिलं होतं: कागद फाडला, स्वच्छता केली. कागद फाडला, स्वच्छता केली. माझ्या टापटिपीनं ती मरायला टेकली होती आणि मी रोज त्याची नोंद करत होते.

बाईंनी बागेतली माती आणि बांधकामाची उरलेली वाळू कालवून एक खोल घमेलं भरलं, मूठ दाबली तर ओलावा राहील इतपत पाणी शिंपडलं आणि ते कपाटात ठेवलं. वरून माझं जुनं लुगडं चारही बाजूंनी टाकलं.

"आता बघायचं न्हाई."

"नुसतं एकदा..."

"न्हाई म्हनलं ना. तुमी बाळंत होत होत्या तवा तुमच्या शाळेतले मास्तर बघायला आले होते का?"

आजोबा व्हरांड्याच्या दारात उभे होते. ते घाईनं आत गेले. आतून आवाज आला, "म्हणजे जावई नव्हे, सून निघाली म्हणायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी लुगड्याआडून खरवडण्याचा आवाज येऊ लागला. माती जाळीतून बाहेर उडत होती. व्हरांडाभर चिखल झाला आणि मी खराटा हातात घेऊन नुसती उभी राहिले. चार वाजून गेल्यावर सगळं शांत झालं. बाईंनी लुगडं वर केलं. ती घमेल्यावर पाय पसरून पडली होती, माती थापटून सारखी केलेली. कमरेची हाडं वर आलेली, पोट खपाटीला. बाईंनी बोटांनी हळूच माती बाजूला केली. अकरा अंडी होती. पांढरी, मऊ, चिंचोक्यांपेक्षा थोडी मोठी. त्यातून काही निघणार नव्हतं, पण बाईंनी ती मोजून पुन्हा झाकून ठेवली, तिच्यासमोर उचलली नाहीत.

आम्ही दोघी पायरीवर चहा घेत बसलो. बाईंना आत फळीवरचा डबा दिसला.

"ते डिंकाचे लाडू कोनाला?"

"आता कुणाला नाहीत."

"मंग आना. आपनच खाऊ. बाळंतपन तर झालंच."

आम्ही दोन-दोन खाल्ले. तीन दिवसांनी ती नाकतोडा खाऊ लागली.

इथपर्यंतची गोष्ट तुमची आई सांगते. पुढचं असं.

माझ्या तिकिटाला अजून आठ-नऊ दिवस होते. आजोबा जेवताना म्हणाले, "मी तिकीट रद्द केलेलं नाही. सून आता ठीक आहे. कळवू का पोरीला, येतेय म्हणून?"

सगळं जागच्या जागी होतं. व्हिसा होता, डब्यात लाडू शिल्लक होते, बाई कपाटाचं बघायला तयार होत्या आणि माझ्यापेक्षा चांगलं बघणार होत्या हे आता सिद्धच झालं होतं. मी हातातला घास ताटात ठेवला.

"अशक्तपणा आहे अजून," मी म्हटलं. "महिनाभर तरी राहील."

"कुणाला?"

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली. ते जेवण उरकून, शर्ट चढवून बाहेर गेले आणि तिकीट रद्द करून आले. त्यावर ते पुन्हा कधीही बोलले नाहीत, थट्टेनंसुद्धा नाही, आणि थट्टा न करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मी दमले होते. एवढंच ते होतं. कुठलाही आजार नव्हता, रक्त तपासलं असतं तर काही निघालं नसतं. पण आमच्या घरात, आमच्या नात्यात, बाईनं "मी दमले, मला जमणार नाही" असं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. दमणं ही काम संपल्यावर सांगायची गोष्ट होती. एका कामाला नाही म्हणायचं तर दुसरं काम पुढे करावं लागायचं, आणि त्या वेळी माझ्या हाताशी पुढे करायला एक सरडाच होता. लोकांनी मला वेडी म्हटलं. चालेल. वेडी म्हणवून घेणं मला दमलेली म्हणवून घेण्यापेक्षा सोपं वाटलं.

थोरले, तू झालीस त्या दिवशी तुझ्या बाबांनी फोन पाळण्यापाशी धरला आणि मी तुझं रडणं ऐकलं. मग मी दार लावून घेतलं आणि रडले. तिकीट रद्द केल्यापासून त्या दिवसापर्यंत मी दुपारी दोन-दोन तास झोपत होते. लग्नानंतर एवढी कधी झोपले नव्हते. ती झोप मला फार गोड लागली, हेही लिहून ठेवते, कारण नुसतं रडल्याचं लिहिलं तर ते पुन्हा अर्धंच होईल.

तू सात महिन्यांची झाल्यावर मी आले आणि चार महिने राहिले. त्या काळात सगळं बाईंनी पाहिलं. परतले तेव्हा आमची सून माझ्याकडे कधी नव्हती इतकी गुबगुबीत झाली होती. घमेलं कायमचं आत होतं, व्हरांड्यात माती होती, पेपराचा पत्ता नव्हता.

"वेळापत्रकाप्रमाणे केलं ना?" मी विचारलं.

"ते भिताडावर हाय की तुमचं. पुसून ठेवते मी रोज." बाई हसल्या. "मला वाचता कुठं येते, मॅडम?"

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अंडी घातली आणि सावरली. त्याच्या पुढच्या खेपेला नाही सावरली. माती होती, जागा होती, बाई होत्या, तरी नाही. मामाला फोनवर सांगितलं तर मोठा नोकरदार माणूस हमसून रडला. आजोबांनी मागच्या अंगणात स्वतः खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही.

पण ब्रिस्बेनचं एक सांगायचं राहिलं. मी येऊन चार दिवस झाले होते. तुमच्या आईनं मला एकही टोचरा शब्द ऐकवला नव्हता आणि त्यानंच मला बसवत नव्हतं. तू आत झोपली होतीस. ती स्वयंपाकघरात तुझ्या दुधाच्या बाटल्या उकळत होती. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी वर बांधलेले, टेबलाला टेकून उभी. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आई, एक विचारू? खरंच त्या सरड्यासाठी नाही आलीस?"

"नाही," मी म्हटलं.

ती वळली नाही.

"दमले होते गं. बाकी काही नाही. अंडी झाली तेव्हा तिकीट होतं, मी येऊ शकत होते. नाही आले."

पातेल्यात बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. तिनं गॅस बारीक केला. चिमट्यानं एक बाटली काढून फडक्यावर पालथी घातली, मग दुसरी.

"मग तेव्हाच सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

तिनं विचार केला. खरंच केला, माझं मन राखायला काहीतरी म्हणून टाकलं नाही. मग माझ्याकडे वळली.

"म्हणाले असते, असू दे, इकडे येऊन विश्रांती घे. तू ये."

"मग?"

"हो," ती म्हणाली. "आणि आल्यावर तुला बसू दिलं नसतं." तिनं चिमटा माझ्या हातात दिला. "धर, राहिलेल्या दोन काढ. मी जरा टेकते."